माझ्या बाजूचा कान

सोमवार, ३ मार्च

आज कारखान्यात नवा नियम लागला. कामाच्या वेळी गाणी ऐकायला परवानगी. फोन मात्र पूर्वीसारखाच खाली कपाटात ठेवायचा, कारण त्यात कॅमेरा असतो आणि माणसं काम सोडून तो बघत बसतात. ज्याला गाणी हवीत त्याने नुसता गाण्यांचा छोटा प्लेअर आणायचा. इअरफोन एकाच कानात घालायचा, दुसरा कान भोंग्यासाठी मोकळा ठेवायचा. सुपरवायझर बाईंनी हे दोनदा वाचून दाखवलं.

मला हसूच आलं. आमच्या बाकावर करमणुकीची काय वाण आहे! आम्ही चष्म्याच्या काचा तपासतो, खिडकीकडे तोंड करून एका बाकावर दोघी. मी काच दिव्यासमोर धरून ओरखडा, बुडबुडा बघते आणि उजवीकडे सरकवते. उजवीकडे शेजारीण बसते, ती कडा तपासते. माझ्या डावीकडे भिंत. डोळे आणि बोटं कामात, तोंड रिकामं. ते मी रिकामं ठेवत नाही. मला इथे सगळे 'रेडिओ' म्हणतात, कुणी प्रेमाने, कुणी वैतागून. शेजारीण म्हणजे घराशेजारची नव्हे, बाकावरची. पण इतकी वर्षं मी तिला त्याच नावाने हाक मारते आणि तीही मला 'रेडिओ'च म्हणते.

गेल्या हिवाळ्यात तिचा नवरा गेला. भाऊजी रात्री झोपले ते सकाळी उठलेच नाहीत. ती कामावर परत आली त्या दिवशीच मी ठरवलं, हिला विचार करायला फुरसत म्हणून द्यायची नाही. जेवलीस का, झोप लागली का, रडलीस का, रडावं गं, मन मोकळं होतं, असं भोंग्यापासून भोंग्यापर्यंत माझं चालू असतं. ती 'हं' म्हणते. पूर्वी तीही बोलायची, आता नुसतं 'हं'. पण औषध लागू पडतंय. निदान ती रोज कामावर येते.

गुरुवार, ६ मार्च

शेजारणीने प्लेअर आणला.

मला न विचारता, न सांगता. सकाळी मी 'अगं, काल काय झालं माहितेय' म्हणून सुरुवात केली, तर तिने पिशवीतून एक निळी डबी काढली, वायर सोडवली आणि डाव्या कानात इअरफोन घातला. डाव्या. म्हणजे माझ्या बाजूच्या. उजवीकडे तर नुसता जायचा-यायचा रस्ता आहे, तिथे कोण बोलणार तिच्याशी? पण तिला कुठला कान कुठल्या बाजूला याचं भान नसेल.

जेवणाच्या सुट्टीत विचारलं, "कुठली गाणी गं?"

"आहेत अशीच."

"मलाही ऐकव की."

"नंतर."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला, खोटं कशाला लिहू. भाऊजी गेल्यापासून मी हिच्यासाठी घसा कोरडा केला आणि ही गाणी ऐकत बसली! ठीक आहे. मीही घेते प्लेअर. हिच्यापेक्षा चांगला घेते.

रविवार, ९ मार्च

दुकानात गेले होते. मला वाटलं होतं, एक वस्तू मागायची आणि पिशवीत टाकून निघायचं. काचेच्या कपाटात ओळीने मांडलेले प्लेअर बघून माझे डोळे फिरले. एक अंगठ्याएवढा, त्याला पडदाच नाही, कुठलं गाणं चालू आहे ते त्याचं त्यालाच ठाऊक. एकाला फक्त पडदा, बटण एकही नाही. एक वाटोळ्या चकतीचा, ती फिरवली की आवाज वाढतो.

दुकानदार बिचारा गुणी माणूस. म्हणाला, "यात दहा हजार गाणी मावतात."

मी म्हटलं, "मला सगळी मिळून चाळीस येत असतील, त्यातली निम्मी अर्धवट."

"हा घालून पोहता येतं."

"मी काचा तपासते हो, बुडी मारत नाही."

मग त्याने साधाच प्रश्न विचारला, "ताई, तुम्हाला कसली गाणी आवडतात?" खरंच सांगता येईना. घरी गाणं लागलं की मी त्यावर बोलायला लागते. एखादं गाणं शेवटपर्यंत ऐकल्याचं मला आठवत नाही. दुकानदाराला 'सगळ्या प्रकारची' असं ठोकून दिलं आणि पुन्हा येते म्हणून पाय काढता घेतला.

सोमवार, १० मार्च

शेजारणीच्या प्लेअरवर दिवसभर नजर ठेवून होते. घ्यायचाच तर बघून घ्यावा. एक कबूल करायला हवं, वस्तू चांगली आहे. बाहेर आवाजाचा टिपूसही येत नाही. बॅटरी तर कमालच. बाकीच्या बायका दुपारी चार्जिंगच्या जागेसाठी भांडतात, हिने आणल्यापासून एकदाही लावलेला नाही. गाणी मात्र रडकी असणार. ना हिचं पाऊल हलत, ना मान.

यांना सगळं सांगितलं. यांचं केशकर्तनालय आहे, दिवसभर गिऱ्हाइकांचं ऐकून घरी आलेले असतात, तरी माझंही ऐकतात. टॉवेलच्या घड्या घालता घालता म्हणाले, "काही गिऱ्हाइकं खुर्चीत बसली की डोळे मिटून घेतात. झोप आलेली नसते त्यांना."

"मग?"

"मग काही नाही. मी आपली कात्री चालवतो."

आता मी विचारतेय प्लेअरचं आणि हे सांगतायत गिऱ्हाइकाचं. माझं अर्धं बोलणं यांच्या डोक्यावरून जातं.

गुरुवार, १३ मार्च

आज एक गंमत केली. तिला ऐकू येतं का ते बघायला हळूच म्हटलं, "शेजारणे, तुझ्या केसात गवताची काडी आहे." ढिम्म हलली नाही. माझ्या बाजूला ठार बहिरी.

मग मला चेवच चढला. सुपरवायझर बाई लांब होत्या. काच दिव्यासमोर धरून, ओठ न हलवता, मनात साठलेलं सगळं बोलून घेतलं. म्हटलं, दगड आहेस नुसती. म्हटलं, तुझ्यासाठी मी रोज घरून विषय जमवून आणते, यांना वाटतं मला वेड लागलंय. दोन काचा पुढे सरकवल्या. राग कुठे गेला कोण जाणे, पुढचं आपोआपच तोंडातून आलं. म्हटलं, भाऊजी गेले तेव्हा तुझ्याशी काय बोलावं ते मला कळेना, म्हणून मी वाटेल ते बोलत सुटले. थांबले असते तर मलाच रडू आलं असतं. तू बोलत नाहीस तर मला हे काम नको वाटतं गं. घरी गेल्यावरही तुझाच विचार येतो. मला तुझ्याशिवाय करमत नाही.

बरं झालं तिच्या कानात गाणं होतं. असलं काही तोंडावर बोलायचा माझा स्वभाव नाही. बोलून मात्र हलकं वाटलं. तिच्या हातातली काच तेव्हा बराच वेळ दिव्यासमोर राहिली होती. कड खराब निघाली असेल.

शुक्रवार, १४ मार्च

वरच्या मजल्यावर नवी खोली तयार होतेय आणि आम्हा सगळ्यांना तिकडे हलवणार आहेत. बाक दोघींचेच, पण जोड्या नव्याने लावायच्या. कुणाला कुणाजवळ बसायचंय ते ज्याने त्याने बाईंना परस्पर सांगायचं. एकदा बसलं की बसलं, नंतर बदल नाही.

पूर्वी असं झालं असतं तर आम्ही दोघी हसलो असतो. आज मी तिच्याकडे बघितलं. ती वायर नीट करत होती. सुट्टी झाल्यावर मी जिन्यात होते तर ती बाईंच्या खोलीकडे वळताना दिसली. एवढी घाई! माझ्यापासून सुटायची एवढी घाई झालीय हिला? घरी येईपर्यंत रस्ता दिसत नव्हता.

रविवार, १६ मार्च

पुन्हा दुकानात. दुकानदाराने खुर्ची दिली आणि सगळे प्लेअर एकेक करून कानाला लावून दाखवले. याचा आवाज गोड, त्याचा मोठा, तिसऱ्याचा पडदा सुरेख. मला सगळे सारखेच. शेवटी म्हटलं, माझ्या मैत्रिणीकडे आहे तसलाच द्या, निळा, ज्याची बॅटरी संपत नाही. तो म्हणाला, "बॅटरी न संपणारा प्लेअर अजून निघायचाय ताई. तुम्ही एकदा तो घेऊन या, बघू कुठला आहे."

तिच्यासारखाच घेतला की बोलायला विषय तरी होईल, असं मनात होतं. आणि ती दुसऱ्या बाकावर गेल्यावर तिची आठवण म्हणून राहील, असंही होतं. हे लिहितानाच डोळे भरून येतायत. एवढं काय त्यात!

मंगळवार, १८ मार्च

आज माझ्या हातून भलतंच झालं.

शेजारणीला दाताच्या डॉक्टरकडे जायचं होतं, ती लवकर निघाली. प्लेअर बाकावरच राहिला. मी इकडेतिकडे बघितलं आणि इअरफोन कानात घातला. म्हटलं, बघू तरी ही रोज काय ऐकते. काहीच नाही. एक बटण दाबलं, पडदा उजळला, त्यावर काहीतरी विचारलेलं होतं. चष्मा नाकावर ओढेपर्यंत मी दुसरंच बटण दाबलं आणि पडदा काळा. पुसली मी तिची सगळी गाणी! आधीच ती बोलत नाही, आता तोंडही बघायची नाही.

डबी पर्समध्ये टाकली आणि भोंगा होताच तडक दुकानात. दुकानदाराला म्हटलं, काहीही करा, पण यातली गाणी परत आणा. त्याने ती उलटसुलट केली, चालू केली आणि माझ्यापुढे धरली.

"ताई, तुम्ही काही पुसलेलं नाही. यात कधी काही भरलेलंच नाही. हा अजून भाषा कुठली हवी तेच विचारतोय. खोक्यातून काढल्यावर पहिल्यांदा जे विचारतो ना, ते."

"पण ती रोज ऐकते."

"याच्यावर नाही ऐकत." मग म्हणाला, "आणलाच आहे तर भरून देऊ थोडी गाणी?"

मी काउंटर धरून उभी राहिले. पोरीबाळी, गिऱ्हाइकं येत-जात होती. 'नको' म्हटलं आणि डबी पुन्हा पर्समध्ये टाकली.

ती गाणी ऐकतच नव्हती. नुसती वायर कानात घालून बसत होती, माझ्या बाजूच्या कानात. मी बोलू नये म्हणून. इतकी मी नकोशी झाले होते आणि मला पत्ताही नव्हता. यांना होता बहुतेक.

वाटेत आणखी एक गोष्ट लक्षात आली आणि मी भर रस्त्यात थांबले. गाणं नाही, म्हणजे तिला सगळं ऐकू येत होतं. गवताची काडी, दगड, आणि नंतरचं ते सगळं. देवा!

बुधवार, १९ मार्च

सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन प्लेअर होता तिथे ठेवला. ती आली, तिने तो कानात घातला. मी तोंडाला कुलूप लावलं.

दिवसभर एक अक्षर बोलले नाही. किती कठीण असतं ते! खिडकीवर दोन कबुतरं भांडली, सांगता आलं नाही. एका काचेत बुडबुडा अगदी बदामाच्या आकाराचा होता, सांगता आलं नाही. दुपारी सुपरवायझर बाई येऊन विचारून गेल्या, बरं नाही का. मागच्या बाकावरच्या दोघी रेडिओ बिघडला म्हणून हसल्या. शेजारीण माझ्याकडे दोनतीनदा बघत होती, मी काच सोडून वर पाहिलं नाही.

शुक्रवार, २१ मार्च

आज मनाचा हिय्या करून बाईंच्या खोलीत गेले. म्हटलं, मला कुणाहीजवळ बसवा, पण शेजारणीला एखादी शांत बाई द्या. तिला आराम हवाय.

बाई म्हणाल्या, "हे तुमचं आपसात ठरलेलं नाही का? त्या तर ज्या दिवशी सांगितलं त्याच दिवशी तुमचं नाव देऊन गेल्या."

"माझं?"

"तुमचंच. वर म्हणाल्या, रेडिओ डाव्या हाताला पाहिजे."

मी बाहेर आले तर शेजारीण जिन्याच्या कठड्याला टेकून उभी. कानात वायर नव्हती. म्हणाली, "तीन दिवस झाले, तोंड का बंद आहे तुझं?"

मी सांगून टाकलं, प्लेअर दुकानात नेल्याचं, सगळं. वाटलं ती चिडेल. ती पायरीवर बसली, मीही बसले.

"तुला त्रास होत होता तर सांगायचंस," मी म्हटलं. "मी गप्प बसले असते."

"तू गप्प बसायला नको होतीस गं," ती म्हणाली. "घरी आहेच की शांतता, हवी तेवढी. मला तुझं बोलणं चालू असायला हवं होतं. फक्त उत्तर द्यायचं नव्हतं. तू विचारायचीस, झोप लागली का, रडलीस का, काय काय आठवतं. प्रत्येकाला काहीतरी म्हणावं लागायचं. कानात वायर असली की माणूस उत्तर मागत नाही. एवढंच होतं."

"म्हणजे त्या गुरुवारचं..."

"ऐकलं."

"दगडसुद्धा?"

"दगडसुद्धा." ती हसली. खूप दिवसांनी हसली, हसतानाच तिचे डोळे भरले. माझेही. वरून कुणी येत होतं म्हणून आम्ही उठलो.

रविवार, २३ मार्च

प्लेअर घेतला. निळा नाही, पडद्याचा नाही. एक साधा, जाड बटणांचा. एप्रनच्या खिशात हात घालून न बघता दाबता येतो, आणि आमचे डोळे काचेवरून हलता कामा नयेत. दुकानदार म्हणाला, "हा कुणी घेत नाही आता." मी म्हटलं, मी घेते. आता मला गाणी ऐकायचीच आहेत, एक तरी शेवटपर्यंत. आणि अधूनमधून मी ऐकत बसले की तिलाही माझ्यापासून सुटी.

यांना म्हटलं, "ते डोळे मिटणारं गिऱ्हाईक मला आत्ता कळलं."

हे म्हणाले, "कुठलं गिऱ्हाईक?" आणि चहा ओतायला लागले.

बुधवार, २ एप्रिल

नवी खोली. उजेड छान, खुर्च्या टोचतात. मी डावीकडे, शेजारीण उजवीकडे, तिच्या कानात तिची रिकामी वायर. मी बोलते, पण प्रश्न विचारायचा नाही असं स्वतःलाच बजावून ठेवलंय. प्रश्न न विचारता बोलणं म्हणजे माझ्यासारखीला उजव्या हाताने न जेवण्यासारखं. 'तुला काय वाटतं' ओठावर येतं, ते परत ढकलते. दुपारनंतर मी माझी गाणी लावते. काल एक गाणं पूर्ण ऐकलं. शेवटचं कडवं सगळ्यात चांगलं होतं, इतकी वर्षं मला ठाऊकच नव्हतं.

बुधवार, ९ एप्रिल

आज दुपारी माझं गाणं चालू होतं. वायर माझ्या उजव्या कानात, तिच्या बाजूच्या. सवयीने तिकडे गेली होती. शेजारणीने स्वतःची वायर काढून बाकावर ठेवलेली दिसली. ती काच तपासत होती, माझ्याकडे बघत नव्हती, आणि तिचे ओठ हलत होते.

मी खिशात हात घालून बटण दाबलं. गाणं बंद. वायर कानात तशीच ठेवली.

"...मी रोज ओरडून उठवायचे ह्यांना," ती म्हणत होती, अगदी हळू. "त्या दिवशी म्हटलं, झोपू दे, दमलेत. दोन कप चहा केला होता. खिडकीशी बसून माझा प्यायले, मग ह्यांचाही प्यायले. घरात कुणी बोलत नव्हतं. मला बरं वाटलं होतं गं. शांतपणे चहा प्यायला मिळाला म्हणून बरं वाटलं होतं. आणि हे आत..."

माझ्या ओठावर सगळं एकदम आलं. अगं, तुझा काय दोष, तुला कसं कळणार, असं मनात आणू नकोस. आणि मग किती वाजता कळलं, आणि डॉक्टर काय म्हणाले, हेसुद्धा. सगळं गिळलं. मान गाण्यात असल्यासारखी थोडी हलवत राहिले, तेवढंच सुचलं.

मी ऐकतेय हे तिला कळलं का? कळलंही असेल, ही युक्ती तिचीच. मी हातातली काच दिव्यासमोर धरली. तिला ओरखडा होता की नाही, मला काहीएक दिसत नव्हतं. तरी ती पुसली आणि उजवीकडे सरकवली. शेजारणीने ती उचलली, कडेवरून अंगठा फिरवला आणि पुढचं सांगू लागली.